तीन वर्षांची वस्ती: पुण्याहून संभाजीनगरपर्यंत

गुरुवार, पुणे

जुलैअखेर कॉलेजं भरायला लागतात. ॲडमिशनच्या फेऱ्या संपत आलेल्या असतात, हॉस्टेलच्या खोलीत तीन अनोळखी मुलं एकमेकांच्या बादल्या-उशांवरून अंदाज घेत असतात आणि मेसवाला नव्या चेहऱ्यांना अजून पोळी मोजून वाढत असतो. ताईच्या मते वर्षाचं निम्मं काम याच दिवसांत होतं. पहिल्या महिन्यात ज्याला कुणी चहाला बोलावलं नाही, तो दुसऱ्या महिन्यात आपला आपला राहायला शिकतो. मग त्याला बोलावून फारसा उपयोग नसतो.

ताई यूईएसआयची स्टाफ वर्कर आहे. पूर्ण नाव युनियन ऑफ इव्हँजेलिकल स्टुडंट्स ऑफ इंडिया. ख्रिस्ती विद्यार्थ्यांची ही चळवळ १९५४ साली सुरू झाली. सुरुवातीच्या धुरिणांत मद्रासचे प्राध्यापक एच. इनॉक होते, आणि पी. टी. चांदपिल्ला यांनी पुढे बरीच वर्षं सरचिटणीस म्हणून देशभर प्रवास केला. कॉलेजातल्या गटाला, म्हणजे इव्हँजेलिकल युनियनला, आम्ही नुसतं ‘ई.यू.’ म्हणतो. गट विद्यार्थ्यांनीच चालवायचा, हा पहिल्यापासूनचा दंडक. वर्करने यायचं, बसायचं, ऐकायचं आणि पुढच्या गावाला जायचं. पास होऊन नोकरीला लागलेल्यांनी वर्गणी द्यायची, त्यातून वर्करचं मानधन आणि प्रवासखर्च निघतो.

मी त्या नोकरीला लागलेल्यांपैकी. बँकेत आहे. आपले पैसे जातात तिथे एकदा डोकावून यावं, हा बँकवाल्यांचा जुना रोग, म्हणून रजा टाकून ताईबरोबर निघाले. ती माझ्याहून बरीच लहान, पण कामावर असताना तिला सगळे ताईच म्हणतात आणि मीही म्हणते. मला मात्र मुलांनी पहिल्याच दिवशी मावशी करून टाकलं.

दुपारी विद्यापीठाच्या कँटीनमध्ये बसलो. टेबलावर नागालँडची एक एम.ए.ची मुलगी, केरळचा एक अभियांत्रिकीचा मुलगा आणि नवापूरहून बी.एस्सी.ला आलेला एक मुलगा. नवापूरचा मुलगा घरी मावची बोलतो, शाळा मराठीतून झाली, आणि इथे दोन आठवड्यांत त्याच्याशी जो तो हिंदीत नाहीतर इंग्रजीत बोलतोय. ताईने त्याला धर्माबद्दल एक अक्षर विचारलं नाही. खोली कुठे मिळाली, डिपॉझिट किती घेतलं, प्रॅक्टिकलचं जर्नल कुठून घ्यायचं ते कळलं का, एवढंच. जर्नलचा पत्ता नागालँडच्या मुलीने सांगितला. तिचं पुण्यातलं चौथं वर्ष चालू आहे, आणि अप्पा बळवंत चौकातलं कुठलं दुकान स्वस्त हे तिला अस्सल पुणेकरापेक्षा जास्त ठाऊक आहे.

संध्याकाळची बैठक क्वार्टर गेटजवळ होती. वाटेत गुरुवार पेठेतून गेलो. पंचहौद मिशनवरून जाताना मला दरवेळी हसू येतं. १८९० मध्ये तिथे व्याख्यानाला गेलेल्या पुण्याच्या प्रतिष्ठितांपुढे पाद्र्यांनी चहा ठेवला. कुणी प्यायला, कुणी नुसता हातात धरला, आणि पुढे त्यावरून जातीबाहेर टाकण्याचं एवढं ग्रामण्य झालं की न्यायमूर्ती रानडे आणि लोकमान्य टिळक दोघेही त्यात सापडले. ताईच्या महिन्याच्या खर्चात प्रवासाखालोखाल मोठी रक्कम चहाची असते. हिशेब तपासताना मी आता तिथे प्रश्नचिन्ह करत नाही.

बैठकीला चाळीसेक मुलं होती. गिटार, इंग्रजी गाणी, भिंतीवर शब्द दाखवणारा प्रोजेक्टर. सगळं नेटकं. नवापूरचा मुलगा दाराजवळ चपलांपाशी बसला आणि गाणी चालू असताना ओठसुद्धा हलवेना. पुण्याचा गट आमच्या भागात सर्वांत मोठा, आणि माझ्या मते सर्वांत अवघड. एवढ्या माणसांत कुणी नवा आला काय, न आला काय, कळत नाही. ताईने शेवटी गटाच्या सेक्रेटरीला बाजूला घेतलं. काय बोलली ते ऐकू आलं नाही. पण निघताना तो सेक्रेटरी नवापूरच्या मुलाला विचारत होता, ‘तुला ढोलक येतो म्हणे?’ रविवारी दुपारी मराठी मुलांनी वेगळं बसायचं ठरलं. ढोलक कुठून आणायचा हा प्रश्न तेवढा उरला.

शुक्रवार, केडगाव

सकाळी दौंडकडे जाणारी गाडी. हडपसर, मांजरी, लोणी, उरुळी, यवत. उरुळीनंतर डबा रिकामा झाला आणि मुलींनी डबे उघडले. आज आमच्याबरोबर पाच मुली होत्या, तिघी नर्सिंगच्या, दोघी बी.एड.च्या. एका दिवसाची सहल म्हणा, रिट्रीट म्हणा. त्यांनीच ठरवलेली, तिकिटंही त्यांनीच काढलेली.

केडगाव म्हटलं की पुणे-सोलापूर रस्त्यावरच्या माणसाला आधी चौफुल्याची कलाकेंद्रं आठवतात, भाविकाला नारायण महाराजांचं बेट आठवतं आणि आमच्या घरांत पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन. तिन्ही एकाच परिसरात, गुऱ्हाळांच्या वासात.

रमाबाईंची गोष्ट मी लहानपणापासून ऐकली आहे, पण ती नेहमी पुतळ्यासारखी सांगितली जाते. दुष्काळातल्या शेकडो मुली-विधवांना आश्रय दिला, छापखाना चालवला, मूळ हिब्रू-ग्रीकवरून सबंध बायबल साध्या मराठीत आणलं, ते त्यांच्या मृत्यूनंतर १९२४ मध्ये पूर्ण छापून निघालं. सगळं खरं. ताई मात्र मुलींना घेऊन झाडाखाली बसली आणि तिने रमाबाई कॉलेजात होत्या तिथून सुरुवात केली.

१८८३ मध्ये इंग्लंडमध्ये वाँटेज इथे त्यांचा बाप्तिस्मा झाला. नंतर त्या चेल्टनहॅमच्या लेडीज कॉलेजात शिकत होत्या आणि तिथेच संस्कृत शिकवतही होत्या. वय पंचविशीच्या आसपास, नवरा वारलेला, लहानगी मनोरमा पदरात, आणि ज्यांच्या आधाराने परदेशात राहायचं त्या सिस्टर जेराल्डीन यांच्याशी पत्रांतून वाद चाललेला. त्रैक्य म्हणजे नेमकं काय, एकच देव पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा कसा, हे मला पटवून द्या. माझ्या विवेकावर चर्चचा अधिकार किती? गळ्यातल्या क्रुसावर लॅटिन शब्द कशाला, संस्कृत का नकोत? शाकाहारसुद्धा सोडला नाही. मिशनरी बायकांना हा अहंकार वाटला. पत्रं उपलब्ध आहेत. वाचली की दोन्ही बाजूंची चिडचिड स्पष्ट दिसते.

बी.एड.ची एक मुलगी बराच वेळ गवत उपटत होती. ती म्हणाली, ‘आमच्या पाळकसाहेबांना मी एकदा विचारलं, तर ते म्हणाले, आधी प्रार्थना कर, मग प्रश्न विचार.’

‘केलीस?’

‘केली. प्रश्न तोच राहिला.’

तिचा प्रश्न तिच्या भावाच्या मृत्यूबद्दल होता. तो इथे लिहिण्यासारखा नाही. ताईने उत्तर दिलं नाही. त्या मुलींपैकी ज्या तिघी रात्रपाळीत माणसं मरताना पाहतात, त्या बोलल्या. बायबलची वचनं कुणी फेकली नाहीत. मला वाटतं, गटातल्या मुली थोड्या मोठ्या आणि कामाला लागलेल्या असल्या की हे आपोआप साधतं. नुसत्या प्रवचनावर वाढलेली मुलं अशा वेळी लगेच वचन काढतात, आणि समोरचा माणूस गप्प होतो.

दुपारी मिशनच्या आवारात फिरलो, रमाबाईंच्या कबरीपाशी थांबलो. मनोरमाबाई आईच्या आधी, १९२१ मध्ये गेल्या आणि रमाबाई पुढच्या वर्षी एप्रिलमध्ये. परतीच्या गाडीत मुली बसल्या, आम्ही दोघी दौंडला जाऊन मनमाडकडच्या गाडीने नगरला. गाडी उशिरा आली, त्याचं वर्णन करण्यात अर्थ नाही. दौंडला गाडी उशिराच येते.

शनिवार, नगर

शहराचं नाव २०२४ पासून अहिल्यानगर आहे. कंडक्टर अजून ‘नगर, नगर’ ओरडतो.

ख्रिस्ती मराठी माणसाचं नगरशी नातं जुनं आहे. अमेरिकन मराठी मिशन १८३१ मध्ये इथे आलं. सिंथिया फॅरार बाईंनी मुलींच्या शाळा चालवल्या आणि सावित्रीबाई फुले अध्यापनाचं शिक्षण घ्यायला त्यांच्याकडे आल्या होत्या. ‘ज्ञानोदय’ हे ख्रिस्ती नियतकालिक १८४२ मध्ये इथून निघालं. स्वातंत्र्याच्या वर्षी, १९४७ मध्ये, डॉ. भास्कर पांडुरंग हिवाळे यांनी अहमदनगर कॉलेज सुरू केलं. आसपासच्या तालुक्यांतल्या किती घरांतला पहिला पदवीधर तिथून निघाला, याचा हिशेब कुणी मांडला नसेल, पण आमच्या नातेवाइकांतच पाचसहा सापडतील. इथे ओळखीचं माणूस भेटलं की ‘सलाम’ म्हणायचं. पुण्यात राहून ती सवय मोडली होती, स्टेशनवर पहिल्याच माणसाने ‘सलाम ताई’ म्हटल्यावर परत आली.

गट छोटा. आठ मुलं, त्यांतली तीन आज पेपर म्हणून आली नाहीत. बसायची जागा एका जुन्या शिक्षकांच्या घराची ओसरी. पावसाची भुरभुर होती. नेता तृतीय वर्षाचा कॉमर्सचा मुलगा. त्याने बायबलमधल्या लूकच्या पंधराव्या अध्यायातली उधळ्या पुत्राची गोष्ट काढली: धाकटा मुलगा वाटणी घेऊन घर सोडतो, सगळं उडवून परत येतो, बाप पुष्ट वासरू कापून मेजवानी देतो आणि थोरला रुसून बाहेर राहतो. पद्धत ठरलेली असते: आधी उताऱ्यात काय लिहिलंय तेवढंच सांगायचं, मग त्याचा अर्थ काय, मग मला त्याचं काय. पहिल्या पायरीवर असताना कुणी तिसरीवर उडी मारली की नेत्याने ओढून खाली आणायचं. ऐकायला सोपं वाटतं, पण चर्चमध्ये वाढलेल्या मुलांना ही गोष्ट इतकी पाठ असते की ती वाचतच नाहीत.

आज वाचली गेली, ती नेवासा तालुक्यातून आलेल्या एका मुलामुळे. तो ख्रिस्ती नाही, मराठा शेतकऱ्याचा मुलगा. रूममेटबरोबर मागच्या वर्षीपासून येतो, कारण त्याच्या शब्दांत, ‘इथं कुणी मधेच तोडत नाय.’ त्याने बोट ठेवून बाराव्या ओवीत वाचलं की बापाने दोघांना वाटणी करून दिली. मग म्हणाला, ‘म्हणजे धाकट्याचा हिस्सा त्यानं घेतला, विकला, उडवला. राहिलं ते थोरल्याच्या नावावर, बरोबर? मग पुष्ट वासरू कापलं ते कोणाचं?’

ओसरीवर शांतता.

‘थोरल्याला न विचारता थोरल्याचं वासरू कापलं. वर तो शेतातनं येतो तर वाजंत्री ऐकून गड्याला विचारतो, काय चाललंय. त्याला बोलवायला कुणी पाठवलंच नाय. मी असतो तर मीपण आत गेलो नसतो.’

लहानपणापासून चर्चमध्ये थोरल्या भावाला शिव्या पडताना ऐकल्या आहेत. तो कोरडा, तो ढोंगी, तो नियमांवर बोट ठेवणारा परूशी. सातबाऱ्यावर कुणाचं नाव आहे हे पाहून ही गोष्ट कुणी वाचलेली मी ऐकली नव्हती. कॉमर्सचा मुलगा गडबडला. त्याने ताईकडे पाहिलं. ताई शेंगा सोलत होती आणि तिने मान वर केली नाही. मग एकीने एकतिसावी ओवी वाचली, ‘जे माझे ते सर्व तुझेच आहे.’ नेवाशाचा मुलगा म्हणाला, ‘बघा, बापपण मान्य करतोय.’ हशा झाला. पण मग तीच मुलगी हळूच म्हणाली की बाप दोनदा बाहेर आलाय. धाकट्यासाठी धावत आला, आणि थोरल्यासाठी पंगत सोडून अंगणात आला. वाटणी करून बसलेला बाप एवढं कशाला करेल?

त्यावर पाऊण तास वाद झाला. माझ्या चुलत्यांची केस कोर्टात आहे, आमच्या आत्याने हक्कसोडपत्र करून दिलं आणि मग पस्तावली, बहिणींना वाटा का मागू नये, हे सगळं त्यात आलं. येशूच्या काळचा वारसा कायदा आणि नगर जिल्ह्यातली उसाची जमीन एकमेकांत मिसळून गेली. शेवटपर्यंत नेवाशाचा मुलगा थोरल्याच्याच बाजूने होता. प्रार्थनेच्या वेळी तो नेहमीप्रमाणे उठून बाहेर चपला लावायला गेला. त्याला कुणी थांबवत नाही आणि कुणी त्याच्याकडे सूचक नजरेने बघतही नाही. ताईचा हा नियम कडक आहे. प्रश्न विचारायला आलेल्या माणसाला शिकार समजायचं नाही. आमिष नाही, दबाव नाही, घरच्यांपासून लपवायला लावणं नाही. मनापासून कुणी विचारलं तर मात्र आपण काय मानतो ते लाजून लपवायचंही नाही. राज्यघटनेचं धर्मस्वातंत्र्याचं पंचविसावं कलम तिला तोंडपाठ आहे, आणि तिच्या कामात ते पाठ असावं लागतं.

संध्याकाळी दुसरं एक प्रकरण. प्रथम वर्षाची एक मुलगी फॉर्म घेऊन आली. धर्माच्या रकान्यात काय लिहायचं? घरी तीन पिढ्या चर्चला जातात. आजोबांच्या शाळेच्या दाखल्यावर हिंदू आणि जात आहे, वडिलांच्या दाखल्यावर तेच, आणि जातपडताळणीची तारीख पुढच्या आठवड्यात.

ही आमच्या समाजाची जुनी गाठ आहे. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातीच्या सवलती मुख्यतः हिंदूंपुरत्या ठेवल्या. १९५६ मध्ये त्यात शीख आले, १९९० मध्ये बौद्ध. ख्रिस्ती आणि मुसलमान बाहेरच राहिले. म्हणून गावोगाव अशी घरं आहेत जी रविवारी एक असतात आणि कागदावर दुसरी. बाहेरचे त्याला लबाडी म्हणतात. आतले त्याबद्दल बोलतच नाहीत, आणि अठरा वर्षांच्या मुलीच्या हातात एक दिवस तो रकाना येतो.

ताई काय सांगते याची मला उत्सुकता होती. तिने सांगितलं की हे मी ठरवणार नाही, गटातलं कुणी ठरवणार नाही, आणि तू जे लिहिशील त्यावरून इथे कुणी तुझी श्रद्धा मोजणार नाही. खोटं लिही असंही मी म्हणणार नाही. मग एका वकिलाचा नंबर दिला, आमच्यातलेच जुने पदवीधर. फॉर्म भरण्याआधी वडिलांना घेऊन त्यांच्याकडे जा, सगळे दाखले सोबत ने, कायद्याने काय होतं ते नीट समजून घे. मुलीला बहुधा सरळ हो-नाही हवं होतं, कारण ती जाताना फार समाधानी दिसली नाही. मलाही त्या वेळी उत्तर थोडं गुळगुळीत वाटलं. रात्री विचार करताना दुसरं काय सांगता आलं असतं ते सुचलं नाही.

जेवताना ताईने तिची वही दाखवली. प्रत्येक मुलाच्या नावापुढे तो कोणत्या वर्षी पास होणार ते लिहिलेलं. पुण्याची पानं भरलेली, नगरची अर्धी. कॉमर्सच्या नेत्याच्या नावापुढे पुढचंच वर्ष होतं. ‘हा गेला की इथे परत पहिल्यापासून,’ ती म्हणाली. चर्चमध्ये माणसं पन्नास वर्षं एकाच बाकावर बसतात. कॉलेजच्या गटाची स्मरणशक्ती तीन वर्षांची. चौथ्या वर्षी आलेल्याला आधी इथे काय होतं ते कुणी सांगू शकत नाही.

रविवार, नगर आणि राहुरी

सकाळी ह्यूम मेमोरियल चर्चला उपासना. ‘उपासना संगीत’ उघडलं की अर्धं पुस्तक नारायण वामन टिळकांचं वाटतं. पेटी, तबला, झांजा, आणि ओळीच्या शेवटी म्हाताऱ्या बायकांचा लांबवलेला सूर. कॉलेजची मुलं मागच्या बाकांवर होती. त्यांना ही पदं संथ वाटतात. मला पुण्याचा प्रोजेक्टर संथ वाटतो.

टिळकांची एक गोष्ट मात्र मी मुलांना दुपारी सांगितली, कारण ती पदांत नाही. इथे नगरला त्यांच्या घरी बालकवी ठोमरे राहायचे. विशीतला पोरगा, विलक्षण हळवा, कवितेशिवाय कशात मन नसलेला. टिळकांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी त्याला मुलासारखं सांभाळलं, त्याचे रुसवे काढले, जेवू घातलं. टिळक ख्रिस्ती झाले होते १८९५ मध्ये, मुंबईत, आणि त्यापायी लक्ष्मीबाईंनी वर्षानुवर्षांची ताटातूट सोसली होती. धर्म बदलण्याची किंमत त्या घराला ठाऊक होती. ठोमरे मात्र त्या घरात राहूनही हिंदूच राहिले, आणि घरचेच राहिले. विद्यार्थ्यांमधल्या सेवेबद्दल जी शिबिरं होतात, त्यांत परदेशी उदाहरणं खूप येतात. १८९५ मध्ये स्वीडनमधल्या व्हाडस्टेना इथे जागतिक ख्रिस्ती विद्यार्थी संघ स्थापन झाला, त्याच्या संस्थापकांपैकी जॉन मॉट हिंदुस्थानात येऊन गेले, १९१२ मध्ये इथली स्टुडंट ख्रिश्चन मूव्हमेंट उभी राहिली, वगैरे. नगरच्या मुलांना स्टेशन रोडपासून चालत जाता येईल अशा अंतरावरचं उदाहरण कुणी सांगत नाही.

कॉमर्सचा मुलगा म्हणाला, ‘पण मग टिळकांना वाईट वाटलं नसेल?’ वाटलं असेलही. ते मला माहीत नाही, असं मी सांगितलं.

दुपारनंतर राहुरी. कृषी विद्यापीठातली चार मुलं, बांधावरच्या गप्पा, कांद्याचे भाव, एमपीएससी. एकाला बायबलपेक्षा कृषी सहायकाच्या जागा कधी निघतात यात रस होता, आणि ताईला त्याचीही माहिती होती. तासाभरात परत फिरलो.

सोमवार, छत्रपती संभाजीनगर

नगरहून एसटी. घोडेगाव, वडाळा, नेवासा फाटा, प्रवरासंगमला गोदावरीचं गढूळ पाणी पुलाखाली भरून चाललेलं. खिडकीच्या काचेतून पाऊस आत येत होता आणि ताई मांडीवर छत्री धरून झोपली होती.

संभाजीनगरची परिस्थिती ती आधीच सांगत होती. दोन वर्षांपूर्वी इथे पंधरा-सोळा मुलांचा चांगला गट होता. १९५० मध्ये बाबासाहेबांनी सुरू केलेलं मिलिंद कॉलेज, १९५८ चं विद्यापीठ, त्याभोवतीची हॉस्टेलं, जालना-बीडकडून येणारी मुलं. या शहरात विद्यार्थ्यांना तोटा नाही. पण गटातली बहुतेक मुलं एकाच वर्गातली होती, आणि तो वर्ग पास होऊन पुणे, हैदराबाद, कुणी दुबईला गेला. खाली कुणाला तयार केलं नव्हतं. राहिली होती बी.फार्म.च्या दुसऱ्या वर्षाची एक मुलगी.

तिच्या कॉलेजच्या गेटवर वॉचमनने अडवलं. कुठून आलात, कशाला, धर्मांतरवाले का? ताईने ओळखपत्र दाखवलं, आत जायचं नाही असं सांगितलं आणि मुलीलाच बाहेर बोलावून घेतलं. वॉचमनला राग नव्हता, नोकरी होती. गेल्या वर्षी इथे कुणीतरी तक्रार केली होती म्हणे, तेव्हापासून त्याला सूचना आहेत. ताई परवानगीशिवाय कोणत्याच आवारात बसत नाही. तिचं म्हणणं, आपण निघून जातो, त्रास त्या मुलांना होतो.

रस्त्यापलीकडे रसवंती होती. पावसाळ्यामुळे बंद, पण बाकडी तशीच. तिथे बसलो. बी.फार्म.ची मुलगी रडवेली. तिला वाटत होतं गट तिच्यामुळे बुडाला. सीनिअर होते तेव्हा ती मागे बसायची, आता कुणाला काय विचारायचं तेच कळत नाही. एकटीने प्रार्थनेला बसायचं तर त्याला गट कसं म्हणायचं? ताईने तिला धीर देणारं काही म्हणायच्या आत एक दुसरी मुलगी रस्ता ओलांडून आली. नर्सिंगची, पहिलं वर्ष, जालन्याची. हातात ओली छत्री. जालन्याच्या चर्चमधल्या कुणीतरी तिला बी.फार्म.च्या मुलीचा नंबर दिला होता, आणि दोन आठवडे मेसेजला उत्तर न मिळाल्याने ती शोधत आली होती.

‘मी येऊन बघितलं, म्हटलं आजारी आहे की काय,’ ती म्हणाली. मग बाकड्यावर बसून तिने एका दमात सगळं विचारून घेतलं. किती जण आहेत? दोन? तिच्या हॉस्टेलला आणखी दोघी आहेत, एक मंगळूरची कॅथलिक आणि एक तिची रूममेट, जी बौद्ध आहे पण तिला गाणी आवडतात. कधी बसता? बसत नाही? मग बुधवारी साडेपाच. कॉलेज पाचला सुटतं, सातला हॉस्टेलची हजेरी असते. जागा हीच, उसाचा सीझन सुरू होईपर्यंत तरी.

बी.फार्म.ची मुलगी म्हणाली, ‘पण घ्यायचं काय? मला शिकवता येत नाही.’

‘वाचायचं. वाचता येतं ना?’

ताईने मला डोळ्यांनी खूण केली की बोलू नको. बोलायचं तसं काही नव्हतंच. आपण पुन्हा पुढच्या महिन्यात येऊ, असं ताईने सांगितलं, तर नर्सिंगची मुलगी म्हणाली, ‘या ना. पण बुधवारीच या, दुसऱ्या वारी आम्हाला नाही जमणार.’ ताईने वही काढली आणि त्या आठवड्यातला बुधवारचा नाशिकचा बेत खोडला. नर्सिंगच्या पदवीचा कोर्स चार वर्षांचा असतो, हेही तिने मला नंतर दोनदा सांगितलं.

साडेपाचच्या गाडीला निघायला उठलो, तेवढ्यात त्या मुलीने मला अडवलं. ‘मावशी, तुम्ही बँकेत आहात ना? एज्युकेशन लोनला शेत तारण ठेवावं लागतं का? बाबा म्हणतात लागतं.’ मी सांगितलं की साडेसात लाखांपर्यंत सहसा लागत नाही, पण बाबांना सहकर्जदार म्हणून सही करावी लागेल. अर्ज कुठे करायचा, कॉलेजचं फीचं पत्र कसं मागायचं, हप्ता शिक्षण संपल्यावर सुरू होतो पण व्याज आधीपासून चढतं, हेही सांगितलं. तिने वहीचं मागचं पान उघडलं, म्हणाली, एकेक कागद सांगा, लिहून घेते. बी.फार्म.च्या मुलीनेही वही काढली. साडेपाचची गाडी गेली. पुण्याची पुढची गाडी सातला होती.